मागे बसणारा मिस्त्री

भागवता, ते ब्रेक तुझे नव्हते.

हे मी तुझ्या माघारी चारचौघांत बोललो, पण कोणी खरं मानलं नाही. म्हणून आता लिहितो आहे. लिहिलेलं तरी मानतील की नाही, ठाऊक नाही. पण तुझ्याशी बोलायला मला दुसरी जागा उरली नाही. तिसगावच्या स्टँडसमोरचं तुझं पत्र्याचं दुकान उघडं असतं. आत तुझी बायको, कौसल्या, एकटी बसलेली असते. मी रस्त्याच्या पलीकडून पाहतो आणि परत फिरतो.

तू गेलास त्याला दीड महिना होत आला. माझं खांद्याचं हाड जुळलं, गळ्यातली झोळी सुटली. डॉक्टर म्हणाले, या वयात इतक्या लवकर जुळत नाही, नशीबवान आहात. मी मान हलवली.

मी तुला कसा निवडला, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तीस वर्षं गुरांचा दवाखाना चालवला आणि पेन्शनीत निघाल्यावर ती जुनी फटफटी घेतली. ती तीन-चार मैल गेली की बंद पडायची. थोडा वेळ थांबलं की आपोआप चालू व्हायची. पाथर्डीच्या एका मिस्त्रीनं पाहताक्षणी इंजिन खोलायला घेतलं. दुसऱ्यानं कार्बोरेटर बदला म्हणून सांगितलं. तू गाडीला हातच लावला नाहीस. "चालवत या अन् चालवत जावा," म्हणालास आणि रस्त्याच्या कडेला कान देऊन उभा राहिलास. मग विचारलंस, टाकी भरलेली असताना बंद पडते का अर्धी असताना? बंद पडल्यावर टाकीचं टोपण कधी उघडून पाहिलंय का? गोठ्यात शिरल्यावर मीही असंच करतो. आधी जनावर उभं कसं आहे ते पाहतो, गडी काय सांगतो ते ऐकतो, मग हात लावतो. माझं मन तिथंच बसलं.

टाकीच्या टोपणाला हवा जायला एक बारीक भोक असतं, ते धुळीनं बुजलं होतं. कौसल्याकडून सुई मागून घेतलीस आणि ते मोकळं केलंस.

"नाक चोंदलं हुतं तिचं, डाक्टर," तू म्हणालास. "तुमी तर बैलाच्या नाकात नळी घालनारी मानसं. तुमाला कळंना व्हय?"

त्या दिवसापासून मला कोणी विचारलं की गाडी कुणाकडं टाकावी, तर मी तुझं नाव सांगायचो. ग्रामसेवक, दोन मास्तर, दूध गोळा करणारा गडी, किराणावाले शेटजी, सगळे माझ्या शब्दावर तुझ्याकडे आले. त्यांना मी दोनच खुणा सांगायचो. जो आधी विचारतो आणि मग खोलतो, त्याच्याकडे जा. आणि जो काम झाल्यावर मागे बसतो, त्याच्याकडे जा.

ही दुसरी खूण फक्त तुझ्याकडेच होती. काम मोठं असलं की तू मालकाला घेऊन करंजी घाटात जायचास. चढताना तू पुढे, मालक मागे. वर पोचलं की तू उतरायचास आणि म्हणायचास, "आता तुमी घ्या, मी मागं बसतो." उतारावर मालक चालवायचा आणि तू मागे हात मांडीवर ठेवून बसायचास. कुठंही धरायचा नाहीस. शेटजींना पहिल्यांदा घाम फुटला होता. तू त्यांना म्हणालास, "शेट, चढताना तुमी माझ्यावर इस्वास ठेवला. आता मी माझ्या कामावर ठेवतो. तुमी निस्तं हँडल धरा." ही गोष्ट शेटजी गिऱ्हाइकांना वर्षभर सांगत होते.

आणि तुझं काम म्हणजे निम्मं कौसल्याचं काम, हेही गावाला माहीत होतं. ब्रेकचा नवा लायनर, म्हणजे घासणारा पट्टा, चाकातल्या लोखंडी शूवर बसवायचा तर तांब्याचे रिव्हेट ठोकावे लागतात. तुझ्या हाताला जोर फार, रिव्हेटचं डोकं फाटायचं. ती दुकानाच्या उंबऱ्यात बसून लहान हातोडीनं ठोकायची. एक मोठा ठोका आणि तीन हलके. रस्त्यावरून जाणाऱ्याला आवाजावरून कळायचं की आज कुणाच्यातरी गाडीचे ब्रेक होत आहेत.

आता आपल्या भांडणाकडे येतो. ते मिटायचं राहून गेलं.

थंडीत मी तुला म्हणालो होतो, ब्रेक लागत नाहीत, लायनर बदल. तू चाक खोललंस, पाहिलंस, परत बसवलंस. मग मला घाटात नेलंस आणि उतरताना मागे बसलास. खाली आल्यावर म्हणालास, "डाक्टर, ब्रेक चांगला हाय. पाय उशिरा पडतो."

"पायाचं मी बघतो. तू गाडीचं बघ."

"गाडीचंच बघतोय. पाय बी गाडीचाच भाग हाय."

लायनर अजून सहा महिने जाईल म्हणालास, आणि बदलला तरी पाय तोच राहील. सपाटीला फटफटी वापरा, घाटाला यष्टीनं जा, असा सल्लाही दिलास. दुकानात दोन माणसं होती. त्यांच्यादेखत तू मला म्हातारा म्हणालास, असं मला वाटलं. तू तसं म्हणाला नव्हतास. पण मी घरी जाऊन आठ दिवस तेच चघळलं.

पुढे दुष्काळ वाढला. घाटावरच्या बाजूला जनावरांची छावणी पडली आणि माझ्यासारख्या पेन्शनरांनाही बोलावणं आलं. आठवड्यातून तीन खेपा घाटातून. रस्त्याच्या कडेला माणसं खडी फोडत बसलेली, जनावरांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. त्या दिवसांत गावाला माझी गरज होती आणि मला त्याचा अभिमान होता. यष्टीनं जा म्हणणारा माणूस मला नको होता.

पेन्शनीच्या कामाला नगरला गेलो, तेव्हा तिथल्या एका गॅरेजात गाडी घातली. त्याचं नाव लिहीत नाही. दोष त्यांचा आहेच, पण आज मला माझा सांगायचा आहे. पुढे काचेची खोली होती, गादीची खुर्ची होती. कपबशीतून चहा आला. मालक म्हणाला, "साहेब, या वयात घाटातून फटफटी? आमच्या जवानांना लाजवाल की!" गाडी मागे पडद्याआड नेली. मी पडद्यामागे गेलो नाही. एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनीही मला विचारला नाही. चहा संपेपर्यंत नवे ब्रेक तयार झाले. मागे कोणी बसलं नाही, आणि मला त्याची आठवणही झाली नाही.

लोकांना दोन खुणा सांगत फिरणारा मी. दोन्ही विसरलो, कारण कोणीतरी मला जवान म्हणालं होतं.

मग पंधरा दिवसांनी क्लच घसरायला लागला आणि मी तुझ्याकडेच आलो. आपण भांडणाचं काही बोललो नाही. तू क्लच केलास. गाडी स्टँडवर होती, तू सहज मागचं चाक फिरवलंस आणि थांबलास.

"आवाज नवा वाटतोय."

"त्याला हात लावू नकोस. बघितलंय ते."

"बघितलंय म्हंजे? कुनी?"

"मी."

दुसऱ्याकडे गेलो होतो, हे तुझ्या तोंडावर सांगायची मला लाज वाटली. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि म्हणालास, "तुमी बघितलंय ना, मंग बरं हाय." हात फडक्याला पुसलास. भागवता, आयुष्यभर गाडी खोलून पाहिल्याशिवाय कुणाच्या शब्दावर न गेलेला माणूस तू, आणि माझ्या शब्दावर गेलास.

घाट चढताना तू चालवलीस. क्लच छान धरत होता. वर खडी फोडणाऱ्या बायांकडून आपण पाणी घेतलं. तू उतरलास, पण नेहमीसारखा मागे गेला नाहीस. हँडल धरून उभा राहिलास.

"डाक्टर, आज उतरताना बी मीच घेऊ का?"

तू किती जपून विचारलं होतंस. माझा मान राहावा म्हणून हसूनही दाखवलंस. आणि मी म्हणालो, "तुझा नियम तू मोडू नकोस."

तू मागे बसलास. हात मांडीवर.

दुसऱ्या वळणाच्या बऱ्याच अलीकडे मी पाय दाबला. मुद्दाम लवकर दाबला, जोरात दाबला. पाय उशिरा पडत नाही, हे तुला दिसावं म्हणून. मागचं चाक जागच्या जागी आवळलं. गाडी आडवी झाली आणि घसरत गेली. मी डोंगराच्या बाजूला पडलो, तू कठड्याच्या दगडांकडे.

बाया पाट्या टाकून धावल्या. एकीनं तुझं डोकं मांडीवर घेतलं. इंजिन अजून फटफटत होतं. तू डोळे न उघडता म्हणालास, "पेट्रोलचा कॉक बंद करा, डाक्टर." माझा हात उचलत नव्हता. मी त्या बाईला नुसता सांगत राहिलो, तो बघा, तो, तो पितळी. तिला कळलं तेव्हा तू बोलायचा थांबला होतास.

खडीच्या ट्रकमधून आपल्याला नगरला नेलं. वाटेत कोणीतरी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, ब्रेक आवळला. "ब्रेक कुनी केल्ते?" आणि माझ्याऐवजी दुसराच बोलला, "दुसरं कोन? मिस्त्रीनंच की."

मी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं, मला वेदना होत आहेत.

पाचव्या दिवशी तुझ्या घरी भेटायला गेलो. बायका उठून आत गेल्या. कौसल्या दारातच बसली होती. तिनं पोत्याखालून काहीतरी काढून माझ्यासमोर ठेवलं. मागच्या चाकाचा ब्रेक शू होता आणि त्याचा सुटलेला लायनर.

"गाडी लोकांनी दुकानात आनून टाकली, तिचं चाक खोललं म्यां," ती म्हणाली. "सुतकात पाना धरला म्हनून सासूबाई बोलल्या. बोलू द्या." मग बोटानं दाखवलं. "आठ भोकं हायत. रिव्हेट चारच. त्ये बी जुनं काढून परत ठोकल्यालं. त्यानं लायनर निसटला अन् आत अडकला. डाक्टर, ही ठोकनी माझी न्हाई."

मी लायनर हातात घेतला.

"कुनाची हाय?"

मी सांगितलं. नगर, काचेची खोली, सगळं.

"मंग पाच दिस गप का बसलात?"

ती रडली नाही. फार हळू बोलली. "लोक म्हनत्यात, मिस्त्री आपल्याच ब्रेकनं मेला. ब्रेक कोन ठोकतं, हे समद्या गावाला ठावं हाय. म्हंजे मी मारला का त्यांना?"

भागवता, तोपर्यंत माझ्या डोक्यात फक्त तुझं नाव होतं. तिच्या हातोडीवर काय आलं आहे, हे मला तिनं सांगेपर्यंत सुचलं नाही.

दशक्रियेला मी उभा राहिलो. श्रद्धांजलीची भाषणं चालू होती. सरपंच बोलले, मास्तर बोलले. दोघांनीही तुझ्या कामाचा विषय टाळला, स्वभावाबद्दलच बोलले. मग मी सगळं सांगितलं. ब्रेक भागवतचे नव्हते, कौसल्याचे नव्हते. मी नगरला केले, त्याच्यापासून लपवले, त्याला हात लावू दिला नाही. झोळीतला हात दुखत होता. मला वाटलं, आता कोणीतरी दगड उचलेल. उचलावा.

गावातल्या वडीलधाऱ्या दादा पाटलांनी डोळे पुसले. मला धरून खाली बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा रं. याला म्हनत्यात मानूस. मेलेल्याची अब्रू राखायला सोताच्या अंगावर घ्यायलाय."

"डाक्टर, तुमचं मन लई मोठं," मागून कोणी म्हणालं.

"दादा, मी खरं सांगतोय."

"व्हय व्हय. खरंच हाय. बसा तुमी, पानी घ्या."

कौसल्यानं शू दाखवला तेव्हा एकजण पुटपुटला, "ती दावनारच की. आता दुसरं काय करंल बिचारी."

मी आयुष्यभर या लोकांशी खोटं बोललो नव्हतो. एकदा गप्प बसलो तेवढ्यानं सगळं बिघडलं, आणि बोललो त्यानं काहीच नीट झालं नाही. दशक्रियेला मेलेल्याबद्दल चांगलंच बोलायचं असतं, माझंही त्यांनी त्यातच धरलं. माझ्यावर त्यांचा जो विश्वास आहे ना, तोच आता तुझ्या दारात आडवा पडला आहे.

म्हणूनच इथे मी हलक्या गोष्टी लिहिल्या आहेत. मोठ्या मनाचा माणूस अंगावर मोठा दोष घेतो. कपबशीतल्या चहाला भुललो, जवान म्हटल्यावर फुगलो, दुसऱ्याच्या दुकानात गेलो हे सांगायची लाज वाटली, असले क्षुल्लक दोष कोणी उदारपणानं घेत नाही. निदान यावरून तरी लोकांनी ओळखावं.

काल बाजार होता. कौसल्याचा निरोप आला, गाडी तयार आहे, घेऊन जा. मी दुरुस्तीला सांगितलंच नव्हतं. गेलो तर दुकानासमोर फटफटी उभी. हँडल सरळ केलेलं, मागचं चाक बसवलेलं. सहा आठवड्यांत त्या दुकानात आलेली ती एकच गाडी, आणि तीही मोडून आलेली.

"ब्रेक नवं केलेत," ती म्हणाली. "आठच्या आठ. बसा."

"कौसल्या, मला आता..."

"घाटात न्हाई म्हनत मी. हितनं मारुतीच्या देवळापत्तुर. बाजारानं बगावं." आणि तिनं पदर खोचला आणि मागच्या सीटवर एका बाजूनं चढून बसली.

भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. दादा पाटील चहाच्या टपरीवरून लगबगीनं आले. "अगं, काय ह्ये? नवरा जाऊन दीड महिना न्हाई झाला. लोक काय म्हनत्याल?"

"लोक म्हनत्यात ते ऐकलंय, दादा. मिस्त्रीचा नेम तुमाला ठावं हाय. ज्याचं काम त्यो मागं बसतो. काम माझं हाय." हात तिनं मांडीवर ठेवले होते. कुठंही धरलं नव्हतं.

मी बसलो. किकवर पाय ठेवला. भागवता, पाय खाली गेला नाही. दुसऱ्यांदा गेला तो निम्मा. तिसऱ्यांदा नुसता थरथरत राहिला आणि ती थरथर सगळ्या गाडीत उतरली. तिलाही मागे लागत असणार.

"सावकाश, डाक्टर," ती हळूच म्हणाली. "मी बसल्ये."

कोणीतरी हसलं. मी उतरलो. मोठ्यानं म्हणालो, "पाय पडत नाही माझा." हे मात्र बाजारानं लगेच मानलं. दोघातिघांनी माना हलवल्या.

तू थंडीतच सांगितलं होतंस. आपलं भांडण मिटलं. तू जिंकलास.

मी उतरलो तरी ती उतरली नाही. समोर पाहत तिनं विचारलं, "हाय का कोनी चालवनारं?"

ग्रामसेवक होता. दोन्ही मास्तर होते. शेटजी दुकानाच्या पायरीवर होते. माझ्या शब्दावर तुझ्याकडे आलेले, घाटात तुला मागे घेऊन बसलेले, सगळे तिथेच होते. मी एकेकाचं नाव घेऊन सांगितलं, जा. माझ्या शब्दावर आधी गेला होता ना, तसाच आता जा. ज्याचं नाव घ्यायचो तो शेजाऱ्याकडे बघायचा.

बाजार उठेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग उतरली, पदरानं सीट पुसली आणि गाडी ढकलत आत नेली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, खांदा दुखंल."

दाराशी थांबून मग म्हणाली, "पुढल्या बाजारी बी बसनार हाय मी. तुमी या. चालवाया न्हाई. निस्तं हुभं ऱ्हायला."

जाणार आहे, भागवता. उभं राहण्याइतका पाय अजून आहे.